दिंडी कोणत्या अंगाले?

मे महिन्यातली सकाळ, साडेआठ वाजलेले. कारंजा तालुक्यातल्या एका गावात वाड्याच्या ओट्यावर बसून मी माझं मुद्राचित्र, म्हणजे कोरलेल्या ठशावरून छापलेलं चित्र, आजींच्या मांडीवर ठेवलं. दोन हिवाळे मी त्या वाड्याची रेखाटनं केली होती. फेब्रुवारीत त्यातलं एक लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर, कोरून बारा प्रती छापल्या होत्या. आजींनी चष्मा लावला, कागद लांब धरून पाहिला, मग अगदी जवळ आणून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला.

"साजरं हाये पोरी. पन हे आमचं घर नोय."

"आजी, तुमचाच वाडा आहे हा. इथंच बसून काढला मी."

"आमची दिंडी या अंगाले हाये." त्यांनी उजवा हात दाराकडे केला. "अन् लिंब कुवाच्या बाजूनं. तू सारं इकडचं तिकडं काहून केलं?"

मी दाराकडे पाहिलं, मग कागदाकडे. दिंडी म्हणजे मोठ्या दाराच्या फडीतलं, झडपेतलं, छोटं दार, रोजच्या येण्याजाण्याचं. खऱ्या दारात ती उजव्या फडीत होती, माझ्या चित्रात डावीकडे. कडुनिंबही डावीकडे गेला होता.

लिनोवर जे कोराल ते कागदावर उलटं उमटतं. ठशावर शाई लावून त्यावर कागद पालथा घालायचा असतो, त्यामुळे डावं उजवं होतं. हे पहिल्याच दिवशी शिकवतात. अक्षरं कोरायची असली की कुणी विसरत नाही. चित्रात मात्र हात सैल सुटतो. मीही रेखाटन सरळच ठशावर उतरवलं होतं. पहिली प्रत निघाल्यावर उलटं झाल्याचं दिसलं होतं, पण रचना तशीही चांगली वाटली आणि मी पुढे छापत गेले. मनाशी एक समर्थनही होतं: डच चित्रकार रेम्ब्राँनं १६४०च्या सुमारास केलेल्या एचिंगमध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहर असंच उलटं उमटलं आहे, कारण त्यानं तांब्याच्या पत्र्यावर जसं दिसलं तसंच ओढलं. आजींसमोर ते समर्थन माझ्या तोंडातून निघेना.

"साठ वर्सं ह्याच हातानं कडी काढली म्या," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. नातसुनेला चूल दाखवावी तशा त्या मला सांगत होत्या.

त्या दिवशी मी तिथं होते, कारण आदल्या रात्री त्यांच्या नातवाचा फोन आला होता. "ताई, उद्या दार जाते. फोटो काढाचा असन तर या." वाटणी होऊन वर्ष झालं होतं, मागचा सोपा पावसात बसला होता, आणि दार, त्यावरची गणपती कोरलेली गणेशपट्टी, चार खांब जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याला विकले गेले होते. टेम्पो चार वाजता यायचा होता. घरच्यांना मी दोष देत नाही. माळवदाची माती दर उन्हाळ्यात कोण टाकणार, हा प्रश्न ज्याच्या डोक्यावर ते छत आहे त्याचाच असतो.

गावं आणि वाडे मी लिनोवरच का करते, याला कारण आहे. विदर्भातल्या उन्हात दुपारी करडा रंग उरत नाही. चुन्याची भिंत पांढरी, देवळीतला अंधार काळा, नांगरलेलं शेत काळं, धुऱ्यावरची वाट पांढरी. कोरलं ते पांढरं आणि राखलं ते काळं, एवढंच लिनोला कळतं, आणि इथल्या मे महिन्याला तेवढं पुरतं. मुद्राचित्रकार हरेन दास यांनी बंगालचं खेडं लाकडावर कोरलं तेव्हा झाडाच्या सावलीतसुद्धा बारीक रेघांनी ओलावा आणला. तो हात माझ्याकडे नाही आणि तो ओलावाही आमच्याकडे नाही. उन्हात लिनो मऊ पडते आणि कोरणी न अडता चालते. शाई मात्र पातळ होऊन बारीक रेघांत शिरते, म्हणून छापायचं काम पहाटे उरकावं लागतं.

पण त्या सकाळी माझ्याजवळ लिनो नव्हती, आणि असती तरी साडेसात तासांत काय कोरलं असतं? फोटो काढले. ते काढताना पाहिलं की दारावरचं कोरीव काम मी चित्रात निम्मंही घेतलं नव्हतं. वेल, कमळं, फडीच्या कडेची मण्यांची पट्टी यांच्या जागी मी चार रेघा मारल्या होत्या.

तेव्हा शिलालेखांचे ठसे आठवले. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचे कोरीव लेख नागपूरचे संशोधक वा. वि. मिराशी यांनी संपादित केले, ते १९६३ साली प्रसिद्ध झाले. अशा लेखांच्या वाचनामागे जी ठशांची पद्धत आहे, ती मी विद्यार्थीदशेत एका पुराभिलेखाच्या अभ्यासकाकडून शिकले होते. दगड धुवायचा, ओला कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकून खाचांत बसवायचा आणि कागद अर्धवट वाळला की कापडाच्या गादीनं वरून शाई टिपायची. उंच भाग काळा होतो, खाच पांढरी राहते. शाई कागदाच्या बाहेरच्या अंगाला लागते, कागद पालथा घालावाच लागत नाही. म्हणून अक्षर सुलटं येतं. दिंडीही सुलटी आली असती.

आजींना विचारलं. दाराला रोज हळदकुंकू लागत होतं, म्हणून विचारणं भागच होतं. त्या काही बोलल्या नाहीत. आतून तांब्या आणला आणि पदरानं स्वतःच दार पुसू लागल्या.

पहिला कागद वाया गेला. दार पूर्वेला तोंड करून, त्यावर उभं ऊन. ठोकून होण्याआधीच कागद वाळून कडेनं सुटला. दुसरा खिळ्यांच्या टोकांवर फाटला. मग आजींनी जुनं नऊवारी लुगडं काढून दिलं, नातवानं ते चौकटीच्या वर बांधलं आणि सावली झाली. खिळ्यांवर मी कागदाचे दुहेरी तुकडे लावले. बारानंतर ऊन वाड्यामागे गेलं आणि काम सुरळीत चाललं. शेजारची पोरं कागद ओले करून देत होती. एक एक पाकळी वर येताना दिसली की ती ओरडायची. तेवढा वेळ आपण काय करतोय याचंही भान मला नव्हतं.

उंबऱ्याजवळच्या कागदावर मी न केलेलं काही उमटलं. लाकडाच्या चिरांत बसलेलं जुनं कुंकू पाण्यानं सुटलं आणि कागदातून झिरपलं. काळ्या-पांढऱ्या ठशाच्या खालच्या अंगाला फिकट तांबडा पट्टा आला.

टेम्पो साडेतीनलाच आला. ड्रायव्हरला पोरांनी चहा पाजला, तो ओट्यावर थांबला. पावणेपाचला शेवटचा कागद सोडवला. उजवी फड आणि गणेशपट्टी मिळून अकरा कागद झाले. डावी फड राहिली ती राहिलीच.

ओट्यावर कागद क्रमानं मांडले. आजी प्रत्येकापाशी वाकल्या. दिंडीच्या कडीजवळच्या कागदापाशी थांबल्या. तिथं एक कमळ असायला हवं होतं. पाकळ्यांच्या खाचा झिजून सपाट झालेल्या, त्यामुळे सगळी जागा ठार काळी आली होती, तळहाताएवढी. मला वाटलं, गादी जास्त दाबली गेली. आजींनी त्यावर उजवा तळवा ठेवला.

"आता बरोबर हाये," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "हा मले देशीन?"

दिला. त्यामुळे माझ्याकडे दहा कागद आहेत आणि मध्ये एका कागदाची मोकळी जागा आहे.

घरी आल्यावर जुन्या लिनोवर आडवी चीर मारली, म्हणजे तिच्यातून पुन्हा प्रत निघू नये. बारापैकी पाच प्रती विकल्या गेल्या होत्या. त्या पाचही जणांना कळवलं की चित्रातलं दार उलटं आहे, आणि हवी असेल तर नवी प्रत बदलून देईन. पावसाळाभर नवी लिनो कोरली. रेखाटन आधी ट्रेसिंग कागदावर घेतलं, तो कागद उलटा करून कार्बननं उतरवलं, आणि वेल, कमळं, मण्यांची पट्टी त्या दहा कागदांवरून भरली. कडीजवळचं कमळ कोरलंच नाही, ती जागा काळी राखली. कडुनिंब विहिरीच्या बाजूला आहे. पहिली प्रत आजींच्या नातवाबरोबर अकोल्याला गेली.