पाऊण आणि अर्धा

जून २०१९. दांडेकर पुलाजवळच्या सायबर कॅफेत माझा दहावीचा निकाल उघडला, तेव्हा बाबा बाहेर रिक्षातच बसून होते. गणितात २३. बाकी सगळ्यात पास. कॅफेवाल्या काकांनी प्रिंट काढून दिली, पैसे मात्र घेतले नाहीत. त्यावरूनच बाबा काय ते समजले.

आमची बॅच तशी बदनामच. त्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पण ती सबब मला चालण्यासारखी नव्हती, कारण भाषांत मी पास होते. गणित मला येतच नव्हतं. चौथीत भागाकार सुटला तो सुटलाच. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही हा तेव्हाचा नियम, त्यामुळे दरवर्षी प्रगतिपुस्तक बरं यायचं आणि आई देवापुढे पेढा ठेवायची. त्या नियमाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मी ठेवत नाही. त्याच वर्गात पुन्हा बसवलं असतं तर मी शाळाच सोडली असती. माझं म्हणणं एवढंच की इतक्या वर्षांत कुणी एकदा जवळ बसवून विचारायला हवं होतं, बाळ, तुझं अडतं कुठे?

घरी बसून रडण्यापेक्षा आत्याकडे जा, असं आई म्हणाली. आत्या ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवते. तिने मापं सांगायची, मी वहीत लिहायची. दुसऱ्याच आठवड्यात तिने 'सीट एकोणचाळीस' सांगितलं आणि मी ४९ लिहिलं. सलवार केवढी झाली ते विचारू नका. गंमत म्हणजे त्याच महिन्यात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून गदारोळ चालू होता. मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात म्हणून 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं होतं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर टीव्हीवर शांतपणे समजावून सांगत होत्या आणि लोक त्यावर विनोद करत होते. मला एकाही विनोदावर हसू आलं नाही. एकोणचाळीस म्हणताना चाळीस ऐकू येतं आणि हात ४ लिहून मोकळा होतो, हे ज्याचं होतं त्यालाच कळतं.

संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत इंजिनीअरिंगचा एक दादा शिकवायला यायचा. त्याने पहिल्या दिवशी फळ्यावर ३/४ + १/२ लिहिलं. मी ४/६ असं उत्तर दिलं. तो रागावला नाही, हसलाही नाही. म्हणाला, "तू आत्याकडे असतेस ना? अस्तराला पाऊण मीटर लागलं, बाह्यांना अर्धा. किती आणायचं?"

"सव्वा."

"मग इथे का नाही लिहिलंस?"

मी फळ्याकडे बघत राहिले. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे सगळं माझ्या तोंडात होतं. किराणावाल्याकडे, दुधाच्या पिशवीत, आत्याच्या कात्रीत तेच असायचं. पण त्या रेघेच्या वर-खाली लिहिलेले आकडे म्हणजे तेच, हे मला दहा वर्षांत कळलं नव्हतं. त्या महिन्यात आम्ही फक्त अपूर्णांक, भागाकार आणि शेकडेवारी केली. भूमितीतली प्रमेयं पाठ केली, ती आता एकही आठवत नाही. जुलैच्या पुरवणी परीक्षेत ३८ पडले.

निकाल लागेपर्यंत आयटीआयच्या फेऱ्या उरकत आल्या होत्या. दहावी नापासांना वेल्डर, वायरमन असे काही ट्रेड मिळतात, पण मला फिटरच हवं होतं आणि त्याला दहावी पास लागते. फिटरच का? आत्याच्या मशीनचं शटल अडकलं की मीच उघडून बसवायचे, यापलीकडे कारण नव्हतं. वर्ष गेलं. पुढच्या वर्षी कोरोनामुळे प्रवेश लांबले. ऑनलाइन अर्ज, मग पसंतीक्रम. पहिल्या पसंतीला जे लिहाल ते मिळालं तर घ्यावंच लागतं, त्यामुळे मैत्रिणीचं बघून लिहू नका. दाखल्यावर आईचं नाव एक आणि अर्जात दुसरं असा घोळ झाला, तो निस्तरायला दोन हेलपाटे पडले. शेवटी एका सरकारी आयटीआयत फिटरला नंबर लागला. मुलींना ३० टक्के जागा राखीव असतात, तरी वीस जणांच्या तुकडीत आम्ही दोघीच.

वर्कशॉप खऱ्या अर्थाने सुरू झालं तेव्हा पहिले कित्येक आठवडे नुसती कानस. हाताला फोड, फोडावर फोड. त्याचं काही वाटलं नाही. घात केला तो स्केलने. स्टीलच्या पट्टीचं टोक वापरून वापरून झिजतं, म्हणून सर म्हणाले, "शून्यापासून धरू नका, १० पासून धरा." मी १० पासून धरली, ५० वर खूण केली आणि हॅकसॉ, म्हणजे लोखंड कापायची करवत, चालवली. जॉब, म्हणजे बनवायचा तुकडा, ५० मिलिमीटरचा हवा होता, झाला ४० चा. आधी सलवार दहा इंच मोठी, मग जॉब दहा मिलिमीटर छोटा. दहाचा घोळ माझ्या पाचवीलाच पुजलेला. सरांनी तो तुकडा सगळ्यांना फिरवून दाखवला. मला ते आवडलं नाही, आजही आवडत नाही.

वाचण्याचंही तसंच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'डू नॉट स्केल' असं लिहिलेलं असायचं. मी विचारलं, "सर, यात स्केल वापरू नका म्हणलंय, मग मोजायचं कशाने?" वर्ग खो-खो हसला. कागदावरचं चित्र पट्टीने मोजून माप काढायचं नाही, लिहिलेला आकडाच खरा धरायचा, हा त्याचा अर्थ. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी तो तेव्हाच कळला असणार.

बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर कॅलिपर मात्र मला सगळ्यांच्या आधी आलं. मुख्य पट्टीचा एक भाग १ मिलिमीटर. सरकत्या पट्टीवर ४९ मिलिमीटरचे ५० भाग, म्हणजे एक भाग ०.९८. फरक ०.०२. मी मनात रुपया आणि ९८ पैसे असं म्हटलं. दोन पैशांचा फरक, झालं. लेथवर, म्हणजे जॉब फिरवत कापायच्या मशीनवर, गती काढायचं सूत्रही असंच पैशांत बसवायला गेले, ते काही बसलं नाही. ते सरळ घोकलं. २५ मिलिमीटरचा बार, कर्तनवेग मिनिटाला ३० मीटर, तर १००० गुणिले ३० भागिले ३.१४ गुणिले २५. मिनिटाला साधारण ३८२ फेरे. हे उदाहरण मी अजून झोपेतही सांगेन. एम-८ च्या टॅपसाठी, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या आट्या पाडायला, आधी भोक किती? आठातून पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ वजा, ६.७५, म्हणून ६.८ चं ड्रिल. चौथीत सुटलेलं गणित हे असं परत आलं, तेलकट हातांनी.

२०२२ ला पास झाले. मग चाकणच्या एका कंपनीत वर्षभर अप्रेंटिस, महिना आठ हजारांच्या थोडं वर. त्यातले दीड-दोन हजार जाण्यायेण्यातच जायचे. शेवटी परत परीक्षा, परत प्रमाणपत्र. आता त्याच पट्ट्यात दुसरीकडे क्वालिटीला आहे. कंत्राटी, पण आहे.

जानेवारी २०२४ मध्ये कँटीनमध्ये पेपर चाळताना 'असर' या शिक्षणाच्या पाहणीच्या अहवालाची बातमी दिसली. २८ जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या ३४,७४५ मुलामुलींची पाहणी. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं निम्म्याहून जास्त जणांना जमलं नाही. कुठलंही व्यवसाय प्रशिक्षण घेणारे फक्त ५.६ टक्के. आणि मग एक ओळ अशी, की मी चहा खाली ठेवला. वस्तू पट्टीच्या शून्यावर ठेवली तर ८५ टक्के मुलांना लांबी बरोबर सांगता आली; वस्तू शून्यावरून पुढे सरकवली की फक्त ३९ टक्क्यांना.

रविवारी आत्याकडे गेले होते. तिला ही बातमी सांगत होते आणि ती एका बाईंची मापं घेत होती. टेपकडे माझं पहिल्यांदाच नीट लक्ष गेलं. पुढची पत्र्याची पट्टी कधीच निघून गेलेली, पहिला इंच फाटून लोंबत होता. आत्या टेप एक इंचापासून धरत होती आणि तोंडाने बरोबर माप सांगत होती. वर्षभर मी शेजारी बसून तिने सांगितलेले आकडे लिहीत होते, टेप कशी धरते ते बघितलंच नव्हतं.

"आत्या, हे तुला कुणी शिकवलं?"

"काय?"

"एकपासून धरायचं."

"टेप फाटली तेव्हापासून धरते," ती म्हणाली. "एक वजा करायचा, त्यात शिकवायचं काय? तू लिही, कंबर सव्वातीस."