पाळकीणबाई

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

आत्या काल पहाटे गेली. आज दुपारी माती झाली, आत्ता श्रीरामपूरहून पुण्यात परत आले, साडीपण बदलली नाहीये, पण झोप येणार नाही हे माहितीय म्हणून लिहायला बसले.

काल सकाळी गाडी शिरूरपर्यंत पोचली तोच आतेभावाचा फोन, ताई तुझं मराठी बरंय, आईचा जीवनपट तू लिही. आमच्यात दफनविधीच्या वेळी जीवनपट वाचतात. नमुना म्हणून त्याने मागच्या महिन्यातल्या एका मयतीचा जीवनपट व्हॉट्सॲपवर पाठवला. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मग "पतीच्या सेवेत त्यांनी खंबीर साथ दिली", मग मुलं नातवंडं, आजार, आणि प्रभूमध्ये निजल्या. तारखा बदलायच्या की झालं. ते "साथ दिली" वाचून मी तिथेच भडकले, ड्रायव्हर आरशातून बघायला लागला.

साथ काय साथ! आत्याचं लग्न १९७१ चं, वेगवेगळी चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं त्याच्या पुढच्या वर्षीचं, तरी तिच्या सासूबाई शेवटपर्यंत "मिशन"च म्हणायच्या. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ वळत नाही) जुन्या ख्रिस्ती घरांत तसंच म्हणतात. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत आलं आणि १८३१ ला नगरला, मग शाळा, वसतिगृहं, छप्पनच्या (म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात आलेली माणसं, हे सगळं त्या एका शब्दात मावतं. तर मामांची (आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो) पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू म्हणून नेमणूक झाली ती एका माणसाची, पत्र एक, पगार एक. कामाला माणसं मात्र दोन. रविवारची शाळा आत्या घ्यायची, उपासनेला पेटी आत्या वाजवायची, गुरुवारी बायकांची प्रार्थना, कुणाच्या घरी नवराबायकोचं वाजलं की ती बाई रात्री मागच्या दाराने आत्याकडेच यायची, आणि सकाळी तिच्याच नवऱ्याला चहा पण आत्याच पाजायची. कापणीच्या सणाला लोक देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) ज्वारीची पोती, कोंबडी, भोपळे आणायचे आणि उपासना झाली की लिलाव. एखाद्या म्हातारीने आणलेल्या वाकड्या दुधी भोपळ्याला कोणी बोली लावली नाही तर तिचं तोंड पडू नये म्हणून आत्या स्वतः बोली लावायची. त्या आठवड्यात आम्ही गेलो की रोज दुधीच. मला अजून दुधी आवडत नाही.

लहानपणी ती मला लक्ष्मीबाई टिळकांच्या गोष्टी सांगायची. तिचं माहेर राहुरीकडचं, आणि रेव्हरंड ना. वा. टिळक काही वर्षं राहुरीला होते, त्यामुळे टिळक दांपत्य म्हणजे तिला जवळजवळ नात्यातलंच वाटायचं. लक्ष्मीबाई म्हणजे माहेरची जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, १८८० मध्ये लग्न झालं तेव्हा वय जेमतेम अकरा-बारा. नवरा १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतो, ही पाच वर्षं सोवळं, नातेवाईक आणि मन सांभाळत शेवटी १९०० मध्ये स्वतः घेते. आत्याला मात्र त्या धर्मांतरापेक्षा घरखर्चाची गोष्ट जास्त भावायची. टिळकांचा हात सढळ, घरात बालकवींसारखा कवी राहायला, शिवाय कुणाकुणाची पोरं वाढवायला घेतलेली, आणि १९१७ ला तर टिळकांनी मिशनची नोकरीच सोडली, आता यात रोजचं पीठ कुठून येत होतं हे कोण विचारणार, असं आत्या म्हणायची. १९१९ ला टिळक गेले. येशूचरित्रावरचं त्यांचं मोठं काव्य अर्धवट राहिलं होतं, त्याचे बहुतेक अध्याय ह्या बाईने लिहिले जिची शाळा म्हणजे घर. १९३६ ला त्या गेल्या. "आठवणी लिहून ठेवल्या म्हणून बाई कळली, नाहीतर ती पण आमच्यासारखी रेव्हरंडची मिसेसच राहिली असती," हे आत्याचं वाक्य. मी तेव्हा म्हणाले होते, मग तू पण लिही ना. तर म्हणे, मला कुठे वेळ आहे, परवा मंडळीत बारसं आहे.

शुगर वीस वर्षांपासून होती. दुसऱ्याच्या घरी चहा नाकारायचा नाही हा तिचा नियम, आणि पाळकीणबाईंना बिनसाखरेचा चहा देणं हा लोकांना अपमान वाटायचा, दिवसाला सहा-सात कप सहज. मग किडन्या गेल्या, दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नगर. मामा रिटायर झाल्यावर राहायला दिलेला बंगला (म्हणायला बंगला, दोन खोल्या आणि पडवी) तीन महिन्यांत खाली करायचा होता, मग दोघं भाड्याच्या घरात आले. ४२ वर्षं दुसऱ्याच्या घराला चुना लावला आम्ही, असं एकदाच म्हणाली, पुन्हा विषय काढला नाही. पण मला राग आहे आणि तो इथे लिहून ठेवते.

सगळ्यात विचित्र गोष्ट काल दुपारी झाली. अंघोळ घालायची वेळ आली आणि खोलीत आम्ही सात-आठ बायका नुसत्या एकमेकींकडे बघत उभ्या. कारण हे काम कायम आत्या करायची. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कुठलीही बाई वारली की बोलावणं तिलाच, रात्री दोनला सुद्धा. आधी काय करायचं, हनुवटी कशाने बांधायची, केस ओले करायचे की नाही, कुणालाच नक्की माहिती नव्हतं. एक म्हणाली पाणी थंडच घ्यायचं असतं. तेव्हा मला आठवलं, मी कॉलेजात असताना एकदा तिच्याबरोबर अशाच एका घरी गेले होते, तिथेही कोणीतरी हेच म्हणालं आणि आत्या म्हणाली, "जन्मभर थंड पाण्यानेच केली असेल तिने, आज तरी कोमट घ्या." मी उठले, बादलीत हीटर टाकला. लाईट गेली. मग शेजारच्या मुल्लाभाभींनी त्यांच्या गॅसवर पातेलं चढवलं आणि त्या स्वतःच आत आल्या, बाह्या वर करून, म्हणाल्या आम्हाला येतं, फक्त तुमचं काय वेगळं असेल ते सांगा. हनुवटी त्यांनी बांधली. पांढरी साडी मी नेसवली, निऱ्या नीट आल्या नाहीत, मुल्लाभाभींनी परत काढून घातल्या.

आज खड्ड्यासाठी जेसीबी आणावा लागला, खाली मुरूम लागला म्हणून. टिळकांचं एक भजन म्हटलं, पेटी नव्हती त्यामुळे प्रत्येक कडव्याला पट्टी वर वर सरकत गेली आणि शेवटी फक्त दोन पोरांचा आवाज पोचत होता. आत्या असती तर डोळे वटारले असते. जीवनपट मी चार पानं लिहिला होता. कमिटीच्या एका गृहस्थांनी वाचला, ऊन फार होतं हे खरं, पण त्यांनी मधली दोन पानं उलटली आणि थेट "पतीच्या सेवेत साथ" वर आले. ते वाक्य मी लिहिलंच नव्हतं. त्यांना पाठच असणार.

निघताना मामा म्हणाले ती ट्रंक घेऊन जा, इथे जागा नाही. हिरवी लोखंडी ट्रंक, झाकणावर ऑइलपेंटने मामांचं नाव आणि खाली बदलीच्या गावांची नावं, एक खोडून त्याखाली दुसरं, अशी सात. कडी तुटलेली, सुतळीने बांधून डिकीत टाकली. आत्ता उघडली तर वर दोन शाली, पेटीचा भाता शिवायची मोठी सुई आणि एक वही. मला वाटलं लिहिलंच की काय हिने! तर वहीत कुणी काय नेलंय त्याची नोंद. पातेली मोठी २, अमक्याच्या लग्नाला, आली. सतरंजी १, आली. गायनाची पुस्तकं ५, तीन आली. पानंच्या पानं. आलेल्या वस्तूवर बरोबरची खूण.

शेवटून तिसऱ्या पानावर माझं नाव आहे. स्टीलचा डबा, झाकणाचा, लाडू दिले होते, २००९. पुढे खूण नाही.

डबा ओट्याखाली आहे. त्यात शेंगदाणे आहेत.