हॅपी बर्थडे, सोबत भाले

नवऱ्याच्या साठीच्या वाढदिवसाला लढाईचं चित्र असलेलं ग्रीटिंग कार्ड पाठवणं हे आमच्या लंडनच्या भाचीलाच सुचू शकतं. नॅशनल गॅलरीच्या दुकानातून घेतलेलं, आत छापील मजकूर काही नाही, हिनेच पेनने लिहिलंय, "मामा, लढत राहा!" हल्ली पोस्टाने बिलाशिवाय काही येतं हेच नवल, त्यामुळे आधी पाकीटच घरभर फिरलं, मग कार्ड. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, साठीला हे मारामारीचं कसलं पाठवलंय, एखादा गणपती नाही का मिळाला तिला?"

पण खरं सांगू का, चित्रात मारामारी वाटतच नाही. पाओलो उच्चेल्लो नावाच्या चित्रकाराचं आहे, सान रोमानोची लढाई, १४३२ साली इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात झालेली. मधे पांढऱ्या घोड्यावर फ्लॉरेन्सचा सेनापती निक्कोलो दा तोलेंतिनो, आणि ह्या माणसाच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, लाल-सोनेरी नक्षीची हीऽ मोठी टोपी, शिरस्त्राण मागचा पोरगा घेऊन चाललाय. लग्नाला निघाल्यासारखा थाट! मागे कुंपणाला गुलाब फुललेत, झाडांना संत्री लागलीत, जमीन गुलाबीसर, आणि रक्ताचा थेंब नाही कुठे. खाली तुटलेले भाले पडलेत तेही कसे, तर सगळे लांब एका बिंदूकडे रोखून, मोजपट्टी लावून ठेवल्यासारखे. डावीकडे एक बिचारा मरून पालथा पडलाय, तोसुद्धा त्याच रेषेत. मरताना एवढी शिस्त!

हे सगळं त्या पर्स्पेक्टिव्हच्या वेडापायी. म्हणजे सपाट फळीवर लांबजवळ दाखवायचं गणित, ते तेव्हा नवीन होतं आणि उच्चेल्लो त्यात पार बुडालेला. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय की हा रात्र रात्र तेच करत बसायचा, बायको झोपायला बोलवायची तर हा म्हणायचा, काय गोड चीज आहे ही पर्स्पेक्टिव्ह. मला त्या बाईचा चेहरा डोळ्यासमोर येतो. आमच्याकडेही रात्री साडेअकराला किल्ल्यांचे नकाशे उघडून बसणारा एक मनुष्य आहे.

चिलखतांना खरा चांदीचा वर्ख लावलेला होता म्हणे, तो आता देवघरातल्या न घासलेल्या तबकासारखा काळवंडलाय. अशी एकूण तीन चित्रं, दुसरं फ्लॉरेन्सला, तिसरं पॅरिसला. मुळात ती एका श्रीमंत घरातली, पण फ्लॉरेन्सचा कर्ताधर्ता लोरेन्झो द मेदिची, त्याला इतकी आवडली की त्याने सरळ उचलवून आपल्या वाड्यात आणली. म्हणजे लढाईच्या चित्रांसाठी पण दांडगाई!

तर कार्ड फ्रिजवर लागलं आणि जेवताना नवरा म्हणाला, आपल्याकडे पानिपतचं असं कार्ड कोणी पाठवलं तर? ताटावरचे सगळे गप्प. माझं मत विचाराल तर कोणी घेणार नाही. सान रोमानोला सहाशे वर्षं होत आली आणि पानिपतला अजून तीनशेही नाहीत, हे पहिलं कारण सुचतं, पण ते काही खरं नाही. खडकीची लढाई पानिपतनंतरची, ५ नोव्हेंबर १८१७, बापू गोखले इंग्रजांशी लढले, दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता, आणि ती झाली त्या गणेशखिंडीच्या बाजूनेच अख्खं पुणं रोज हॉर्न वाजवत जातं, कोणाच्या मनात तरी येतं का? त्या लढाईचं कार्ड काढलं तर लोक विचारतील, कुठली हो ही? पेशवाई गेली ती तिथून, तरी. पानिपतचा हिशोब मात्र अजून मिटलेला नाही. दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाची ती चिठ्ठी शाळेत ऐकलेली प्रत्येकाला आठवते, आणि त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले हेही. (आणि ते संक्रांतीला झालं असं जे आपण सर्रास म्हणतो ना, ते जमत नाही हं. १४ जानेवारी १७६१ बरोबर, पण संक्रांत पुढे पुढे सरकत आलीये, विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीचा आणि ती होती १२ जानेवारीला, मग त्याच्या शंभर वर्षं आधी ती आणखी अलीकडेच असणार. हे नवऱ्याचं संशोधन, मी फक्त भाजी वाढत होते.)

रात्री भाचीला व्हिडिओ कॉल केला, थँक्यू वगैरे झालं, मग हा विषय निघाला तर तिने तिथल्या तिथे शोधलं. पानिपतच्या लढाईचं एक जुनं चित्र आहे, १७७०च्या सुमाराला फैजाबादकडे काढलेलं, तोफांच्या दोन कमानी समोरासमोर, मधे धूरच धूर आणि नुसती वाताहत, आणि ते आहे लंडनच्याच ब्रिटिश लायब्ररीत. "मामी, ह्याचं कार्ड मिळतं का बघू? पुढच्या वर्षी मामाला?"

नवरा काहीच बोलेना. मीच म्हटलं, मिळालं तर पाठव गं, पण आत काही लिहू नकोस.