ज्याला आम्ही स्कोअर लिहायला बसवायचो

इलिनॉयला शिकायला येऊन दुसरं वर्ष चालू आहे. गेल्या आठवड्यात इथल्या जिममध्ये पहिल्यांदाच व्हीलचेअर बास्केटबॉल खेळलो, आणि तेव्हापासून डिचोलीतलं आमच्या शाळेचं मैदान डोळ्यांपुढून हलत नाही.

या खुर्चीची चाकं वर आत, खाली बाहेर अशी तिरकी असतात; ती जागच्या जागी गर्रकन वळते. ब्रेक नसतो, फिरतं चाक तळव्यांनीच आवरायचं. बास्केट मात्र नेहमीच्याच उंचीवर, 3.05 मीटर. चेंडू घेऊन चाकांना दोनदा हात मारला की तो आपटायचा, नाहीतर सोडायचा. पंधरा मिनिटांत माझ्या अंगठ्यांची सालं निघाली. समोर संघात खेळणारी एक मुलगी होती. तिनं मला कोपऱ्यात असं अडवलं की हलताच येईना. मग चेंडू मांडीवर घेऊन ती निघूनही गेली. तिच्याविषयी वाईट वाटून घ्यायला मला सवडच नव्हती. मला तो चेंडू हवा होता.

मुलांना नुसतं तासभर खुर्चीत बसवून 'बघा, यांचं किती कठीण असतं' म्हटलं, तर ती कीव घेऊनच घरी जातात, असं मला आता ठाम वाटतं. कसलेल्या खेळाडूसमोर हरायलाच हवं.

इलिनॉय विद्यापीठात टिम न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठीचं काम 1948 मध्ये सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे युद्धातून जायबंदी होऊन आलेले तरुण होते. आपले मुरलीकांत पेटकरही 1965 च्या युद्धातले जखमी जवान. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. शाळेत आम्हाला त्यांचं नावही कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या वर्गात पोलिओ झालेला एक मुलगा होता. पीटीच्या तासाला सर त्याला वही-पेन्सिल देऊन पायरीवर बसवायचे. कबड्डी असो, खो-खो असो, तो स्कोअर लिहायचा. आम्हाला ती माया वाटायची. कुबड्यांमुळे त्याचे हात असे की पंजा लढवताना त्याला कुणी कधी हरवलं नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी त्या हातांचा एखादा खेळ काढावा हे सरांना सुचलं नाही, मलाही नाही.

काल त्याला फोन केला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान बंद करत होता. सगळं ऐकून घेतलं नि म्हणाला, "ब्रेक नाही म्हणतोस, मग चेंडू धरून थांबतोस कसा?"

मला धड सांगता येईना.

"मांडीवर ठेव की रे! हात मोकळे राहतात."