थोडे उडणाऱ्याने किती शिकावे?

"तू वर्षातून उडतोस तरी किती? तुला ते इन्स्ट्रुमेंट रेटिंग कशाला हवंय?" असे दादा काल जेवताना सहज म्हणाला आणि त्याने विषय बदलला. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे बाहेरचे काही दिसत नसताना, ढगात किंवा धुक्यात, केवळ उपकरणांवर पाहून विमान चालवण्याची पात्रता. माझ्या मनातून मात्र ते अजून जात नाही.

हिशेब त्याच्याच बाजूने आहे. इन्स्ट्रुमेंटवरचे 40 तास, त्यांतले काही सिम्युलेटरवर चालत असले तरी, आणि शिवाय स्वतःच्या जबाबदारीवर केलेले 50 तासांचे क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे, उड्डाण, एवढे सगळे पुरे करायचे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर आयएलएस, म्हणजे कमी दिसत असताना रेडिओ संकेतांनी धावपट्टीवर आणणारी यंत्रणा, आहे, पण विदर्भातल्या ज्या लहान धावपट्ट्यांवर मला उतरावेसे वाटते तिथे ते नाही. पावसाळ्यातल्या गडगडाटी ढगांत शिरणे तर रेटिंग असले तरी शहाणपणाचे नाही. उरतात त्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुरकट सकाळी. 5 किलोमीटरपर्यंत दिसू लागेस्तोवर थांबले तरी भागते, कारण मी कुठे वेळेवर पोहोचावे म्हणून कोणी खोळंबलेले नसते. हे लिहिताना जरा एकटे वाटले.

तरीही हूड, म्हणजे बाहेरचे दिसू न देता फक्त उपकरणे दिसू देणारे झाकण, डोक्याला घालून उडालो तो तास विसरता येत नाही. विमान सरळ चालले आहे असे सर्वांग सांगत होते आणि समोरचा आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमानाचा कल दाखवणारे उपकरण, उजवा पंख झुकल्याचे दाखवत होता. त्यावर विश्वास ठेवायला मनाला अक्षरशः ओढून आणावे लागले. 1954 साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात असे प्रशिक्षण नसलेल्या 20 वैमानिकांना कृत्रिमरीत्या ढगातल्यासारख्या स्थितीत ठेवले, तेव्हा सगळ्यांचा ताबा सुटला, तोही सरासरी 178 सेकंदांत. 1999 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनिअर रात्री समुद्रावर विमान चालवताना दिशाभ्रम होऊन अपघातात गेले, तेव्हा त्यांचे हेच प्रशिक्षण अर्धवट झालेले होते.

दुखले ते दादाच्या त्या प्रश्नाने नाही. थोडे उडणाऱ्याने थोडेच शिकावे, हे दादाने धरून चालले, ते लागले. ढग काही माझे लॉगबुक पाहून येणार नाही.

पण सरावाचे काय? अमेरिकेत ही पात्रता टिकवायला सहा महिन्यांत सहा अ‍ॅप्रोच, म्हणजे उपकरणांवर पाहून धावपट्टीकडे उतरत येणे, करावे लागतात, आणि माझ्याने तेवढे निभणार नाही. सराव नसताना नुसत्या कागदाच्या भरवशावर ढगात जाणे मला जास्त धोक्याचे वाटते. म्हणून परीक्षेचा अर्ज यंदा भरणार नाही. प्रशिक्षकांना मात्र सांगणार आहे की यापुढे माझ्या प्रत्येक उड्डाणातला थोडा वेळ हूडखालीच जावा, आणि ढगातून मागे वळण्याचा सराव आधी घ्यावा.