पन्नास लाखांनंतरची भेग

सोमवारी दुपारी लावलेली दाताच्या इम्प्लांटची चाचणी शुक्रवारी सकाळी संपली. मशीनवरचा दाबांचा आकडा 50,00,000 वर थांबला होता आणि नमुना जागच्या जागी उभा. सेकंदाला 15 वेळा दाब सोसत.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचं कृत्रिम मूळ. त्याची ही चाचणी आयएसओ 14801 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. इम्प्लांट 30 अंशांत तिरका बसवतात, कारण सरळ दाब तो सहज पेलतो, खरा मार तिरक्या दाबाचा. शिवाय हाड 3 मिलिमीटर झिजलंय असं धरून तेवढा भाग पकडीबाहेर उघडा ठेवायचा. ही निष्ठुरता मला योग्यच वाटते. झिजलेल्या हाडातही माणूस जेवणारच असतो.

या दाबाला दोन नमुने आधीच टिकले होते. हा तिसरा टिकला की तोच दाब अहवालात जाणार. "झालं ना मॅडम, लिहून टाका," सहकारी म्हणाला. मी पेन उचललंही होतं.

पण आलेख खटकत होता. शेवटच्या काही तासांत नमुना किंचित जास्त वाकू लागला होता. मशीन थांबावं इतका नाही, पण रेघ चढत होती.

अबटमेंट, म्हणजे इम्प्लांटवर दात पेलणारा जोडभाग, त्याचा स्क्रू बसवताना 30 न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, दिला होता. सोडवताना तो थोडा कमी भरतो, ते नेहमीचं. हा मात्र जवळजवळ विरोधच न करता फिरला. जोड सैल होणं म्हणजे या चाचणीत नापासच.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कारण दिसलं. पहिल्या आट्याच्या तळाशी भेग होती. तिथून स्क्रू मुद्दाम तोडून उघडला, तर आत एकामागोमाग बारीक रेघा. भेग दाबागणिक थोडी थोडी पुढे सरकली होती. स्क्रूचा ताण सुटला की जोडाची फट उघड-मीट करू लागते आणि वाकण्याचा सगळा भार त्या बारीक स्क्रूवर येतो. त्या रेघांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. तोंडात हे कळलंच नसतं. तुटल्यावर कळलं असतं, आणि मग आत अडकलेला तुकडा काढणं दंतवैद्याच्या नशिबी.

आधीच्या दोघांचे स्क्रूही काढून पाहिले. एक स्वच्छ होता. दुसऱ्यात, त्याच आट्यापाशी, केसाएवढी भेग.

"म्हणजे परत चार-चार दिवस?" सहकाऱ्याने विचारलं.

"हो. कमी दाबावर, तीन नवे नमुने."

संध्याकाळी पहिला नवा नमुना रेझिनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, पकडीत बसवला आणि उघडा भाग दोनदा मोजला. 3 मिलिमीटर.