डब्ल्यूपीएफ: कस्टम कंट्रोल कंपाइल होत नाही तेव्हा

डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजची डेस्कटॉप ॲप बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कमध्ये) स्वतःचा कंट्रोल लिहिताना व्हिज्युअल स्टुडिओच्या एरर लिस्टमध्ये लाल ओळींचा ढीग दिसला, तर आधी वरच्या ड्रॉपडाउनमध्ये 'बिल्ड ओन्ली' निवडा. इंटेलिसेन्सच्या (टाइप करताना एडिटर करत असलेल्या तपासणीच्या) जुन्या तक्रारी लगेच गळतात. मग आउटपुट विंडो उघडून सगळ्यात पहिली एरर वाचा. बाकीच्या बहुतेक तिच्यामुळेच आलेल्या असतात.

सर्वांत जास्त छळते ती सीएस०१०३: 'इनिशियलाइझकंपोनंट' सापडत नाही. हे मेथड तुम्ही लिहीतच नाही. झॅमलवरून (स्क्रीनची मांडणी लिहायच्या मार्कअप फाइलवरून) बिल्डच्या वेळी ऑब्ज फोल्डरमध्ये 'जी डॉट सीएस' फाइल तयार होते, त्यात ते असतं. दुसऱ्या प्रोजेक्टमधून कंट्रोल कॉपी केला, सी-शार्प फाइलमधली नेमस्पेस बदलली आणि झॅमलमधला 'एक्स:क्लास' (त्या झॅमलचा कोडमधला क्लास कोणता ते सांगणारा) तसाच राहिला, की दोन वेगळेच क्लास तयार होतात. दोन्हीकडे नेमस्पेससकट नाव अक्षरन् अक्षर जुळवा. जुळत असेल तर झॅमल फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये बिल्ड ॲक्शन 'पेज' आहे का पाहा. 'नन' असेल तर 'जी डॉट सीएस' तयारच होत नाही. नव्या पद्धतीच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये 'यूजडब्ल्यूपीएफ' ट्रू हवं. एवढं करूनही अडलं तरच बिन आणि ऑब्ज हे बिल्डचे फोल्डर पुसून रीबिल्ड करा. पहिल्याच फटक्यात ते पुसायची सवय वाईट, कारण खरं कारण तसंच राहतं.

एमसी३०७४ (एमसीने सुरू होणाऱ्या एरर झॅमलच्या कंपायलरच्या) म्हणजे टॅग त्या नेमस्पेसमध्ये नाही. कंट्रोल त्याच प्रोजेक्टमध्ये असेल तर झॅमलमधल्या 'सीएलआर-नेमस्पेस'पुढे असेंब्ली (कंपाइल होऊन बनलेली डीएलएल किंवा ईएक्सई) लिहू नका. दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये असेल तर लिहायलाच हवी, आणि तिथे प्रोजेक्टचं नाव नव्हे, असेंब्लीचं नाव लागतं. रेफरन्स जोडलेला हवा, क्लास पब्लिक हवा.

सीएस०२६३ येते ती बेस क्लास फक्त कोडमध्ये बदलल्यावर. झॅमलचा रूट टॅग अजून 'यूजरकंट्रोल'च असतो, तोही बदला. मात्र त्या बेस क्लासला स्वतःचं झॅमल असेल तर एमसी६०१७ येणारच. बेस निव्वळ कोडमध्ये लिहा.

एमसी३०९३ वेगळी. तुमच्या यूजरकंट्रोलच्या टॅगमध्ये कुणी बटण ठेवून त्याला 'एक्स:नेम' दिलं की ही येते, कारण यूजरकंट्रोलच्या झॅमलची नावांची हद्द स्वतंत्र असते. आत दुसऱ्याचा मजकूर घेणारा कंट्रोल असेल तर यूजरकंट्रोल सोडा: 'कंटेंटकंट्रोल'वरून क्लास काढा, टेम्प्लेट 'थीम्स' फोल्डरमधल्या 'जेनेरिक डॉट झॅमल'मध्ये ठेवा आणि स्टॅटिक कन्स्ट्रक्टरमध्ये 'डिफॉल्टस्टाइलकी'चा मेटाडेटा ओव्हरराइड करा.